मॉरोविंड : मराठवाड्यातल्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, नांदेड, बीड, जालना इथली बरीच मुलं-मुली आता हा जुना गेम खेळायला लागली आहेत. कुणाकडं जुना लॅपटॉप आहे, कुणाला भावाचा कॉम्प्युटर मिळालाय. सगळ्यांचे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. गोष्टीतली मोठी रहस्यं फोडलेली नाहीत. जिथं थोडं सांगावंच लागलं, तिथं आधी तसं म्हटलं आहे.

मॉरोविंड म्हणजे नेमकं काय?

बेथेस्डा या अमेरिकन कंपनीच्या 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला हा तिसरा गेम. १ मे २००२ ला तो कॉम्प्युटरवर आला. त्याआधी अरीना (१९९४) आणि डॅगरफॉल (१९९६) येऊन गेले होते. नंतर ऑब्लिव्हियन (२००६) आणि स्कायरिम (२०११) आले. आधीचे दोन खेळले नसतील तरी काही अडत नाही.

व्हार्डनफेल नावाचं एक बेट आहे आणि त्याच्या मधोमध रेड माउंटन हा ज्वालामुखी. तुम्ही कैदी म्हणून जहाजातून सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या छोट्या गावात उतरता. तिथल्या कचेरीत तुमचं नाव, वंश, पेशा, जन्मरास लिहून घेतात, हातात एक पाकीट देतात आणि सांगतात की बाल्मोरा गावातल्या केयस कोसाडिस या माणसाला हे नेऊन दे. एवढं झालं की दार उघडतं आणि तुम्ही मोकळे. पाकीट आज द्या, महिन्यानं द्या, नाहीतर देऊच नका. गेम तुम्हाला हाकलत नाही.

स्कायरिम झालंय. आता मागं जाऊन हा जुना गेम कशाला खेळायचा?

कारण स्कायरिममधे बाण दाखवेल तिकडं जायचं असतं. मॉरोविंडमधे कुठं जायचं ते तुम्हाला वाचून, विचारून, डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. हा फरक ऐकायला लहान वाटतो, पण खेळताना त्यानं सगळंच बदलतं. दहा-बारा तासांनंतर बाल्मोराच्या गल्ल्या तुम्हाला नकाशा न उघडता पाठ होतात. नदीच्या कुठल्या काठाला कोण राहतं ते कळतं. स्कायरिममधलं एकही शहर मला असं पाठ झालं नाही.

दुसरं म्हणजे ही दुनिया कुठल्याही नेहमीच्या राजा-राक्षसाच्या गोष्टीसारखी दिसत नाही. घराएवढाल्या अळंब्या, महाकाय किड्यांच्या पोकळ कवचात बसून केलेला प्रवास, खेकड्याच्या कवचासारखी घरं, राखेची वादळं. केन रोल्स्टन हे मुख्य डिझायनर, टॉड हॉवर्ड प्रकल्पाचे प्रमुख, आणि या दुनियेचा विचित्रपणा व तिची धर्मकथा घडवण्यात मायकेल कर्कब्राइड यांचा मोठा हात. संगीत जेरेमी सोल यांचं. सुरुवातीच्या पडद्यावर ती धून लागली की आवाज थोडा वाढवा.

ग्राफिक्स मात्र २००२ चेच आहेत. माणसं लाकडी वाटतात, चालणं ओबडधोबड. पहिला एक तास डोळ्यांना खटकतं, नंतर लक्षातही राहत नाही.

माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही. चालेल का?

चालेल. मूळ गेमला ५०० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री, विंडोज एक्सपीवर २५६ एमबी रॅम, ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्कवर १ जीबी जागा लागायची. शाळेतून मिळालेला, सेकंडहँड दुकानातून घेतलेला, ऑफिसातून निवृत्त झालेला कुठलाही लॅपटॉप यापेक्षा कैक पट ताकदवान असतो.

माझा सल्ला असा : गेम विकत घ्या, पण चालवा ओपनएमडब्ल्यूवर. हे स्वयंसेवकांनी नव्यानं लिहिलेलं मोफत, मुक्त इंजिन आहे. त्यात गेमचा मजकूर आणि चित्रं नसतात, ती तुमच्या विकत घेतलेल्या प्रतीतूनच घ्यावी लागतात. पण ते विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं, रुंद पडद्यावर चित्र नीट बसतं, आणि मूळ इंजिनासारखं मधेच बंद पडत नाही.

एप्रिल-मेमधे आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पंखा भणभणला तर ओपनएमडब्ल्यूच्या सेटिंगमधे फ्रेम-रेटला ३०-४० ची मर्यादा घाला आणि लांबचं दिसण्याचं अंतर कमी करा. या गेमला त्याहून जास्त फ्रेमची गरजच पडत नाही. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका.

गावाकडं नेट नीट येत नाही. डाउनलोड कसं करू?

गेम लहान आहे, आजच्या एखाद्या मोबाइल गेमएवढाच. जीओजी या दुकानातून घेतला तर इन्स्टॉलरची फाइल मिळते. ती एकदा उतरवली की नेटशिवाय कितीही वेळा बसवता येते. तालुक्याला किंवा कॉलेजच्या गावी चांगलं नेट असेल तिथं उतरवा, पेनड्राइव्हवर घ्या आणि घरी जाऊन बसवा. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतला तरी एकदा बसवल्यावर ऑफलाइन मोडमधे चालतो. दोन्हीकडं सणासुदीच्या सवलतीत किंमत बरीच खाली येते, तेवढं थांबायला हरकत नाही.

'गेम ऑफ द इयर' आवृत्तीच घ्या. तिच्यात दोन्ही विस्तार (मूळ गेमला नंतर जोडलेले भाग, ट्रिब्युनल आणि ब्लडमून) असतात. आणि विंडोजवर बसवताना प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमधे टाकू नका. सरळ डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा, पुढं मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल आणि भर) टाकताना परवानगीची कटकट होत नाही.

लाईट गेली की सगळं गेलं. काय करायचं?

एफ५ नं झटपट सेव्ह होतं, एफ९ नं परत येतं. झोपलं की गेम आपोआपही सेव्ह करतो. पण या दोन्हींवर विसंबू नका. सेव्ह होत असतानाच लाईट गेली तर तीच फाइल खराब होऊ शकते. डेस्कटॉप वापरणाऱ्यांना हा धोका जास्त. त्यामुळं दर अर्ध्या-पाऊण तासानं मेनूत जाऊन नव्या नावानं सेव्ह करा. मी गावाचं नाव आणि काम लिहितो : 'बाल्मोरा, पेटी आणायच्या आधी'. पाच-सहा जुने सेव्ह कायम ठेवा, बाकीचे पुसा.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजी वाचायला वेळ लागतो. मला जमेल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून नीट सांगतो. गेममधे वाचन खूप आहे. आवाजातलं बोलणं फार थोडं, जवळजवळ सगळं लिहिलेलं. मराठीत गेम उपलब्ध नाही.

पण हेच तुमच्या फायद्याचंही आहे. तुम्ही कुणाशी बोलायला लागलात की गेम थांबतो. समोरचा माणूस वाक्य टाकून पुढं पळत नाही. एका परिच्छेदाला दहा मिनिटं लागली तरी तो तिथंच उभा असतो. बोलण्यातले महत्त्वाचे शब्द वेगळ्या रंगात येतात. त्यावर क्लिक केलं की त्याच विषयावर तो पुढं सांगतो. जे काम मिळालं ते डायरीत आपोआप लिहिलं जातं, पुन्हा वाचता येतं. परदेशी सिनेमातलं भराभर बोलणं कळत नाही म्हणून जो माणूस कंटाळतो, त्याला इथं स्वतःच्या वेगानं जाता येतं.

एक वही जवळ ठेवा. डाव्या बाजूला माणसाचं नाव आणि गाव, उजव्या बाजूला त्यानं काय सांगितलं ते मराठीत दोन ओळींत. अडलेला शब्द मोबाइलवर बघा. पहिल्या आठवड्यात पन्नास शब्द अडतील, नंतर तेच तेच शब्द फिरून येतात. सगळी पुस्तकं वाचायची सक्ती नाही. डायरी आणि दिशा, एवढं समजलं तरी गेम पुढं जातो. ज्यांनी चिकाटी धरली त्यांचं इंग्रजी वाचन सुधारलेलं मी पाहिलंय, आणि तेही पाठांतराशिवाय.

मारायलोय, मारायलोय, पण लागतच नाही! खेकडासुद्धा मरंना. गेम खराब आहे का?

गेम खराब नाही. या एका गोष्टीमुळं निम्मे लोक पहिल्या तासात गेम सोडतात, म्हणून आतलं गणित सांगतो.

तलवार पडद्यावर समोरच्याला टेकली तरी घाव लागला का नाही ते फासा टाकून ठरतं. गणित असं : तुमचं त्या हत्याराचं कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग. या बेरजेला दमानुसार गुणायचं. दम पूर्ण असेल तर १.२५ नं, दम संपलेला असेल तर ०.७५ नं. त्यातून समोरच्याचं चुकवण्याचं कसब वजा.

समजा तुम्ही जादूगार घेतला आणि हातात पडली म्हणून लांब तलवार उचलली. कौशल्य १०, चपळाई ४०, नशीब ४०. बेरीज २२. दमलेले असाल तर उरतात १६-१७ टक्के. म्हणजे सहा घावांत एखादा. आता रेडगार्ड वंशाचा लढवय्या घ्या, लांब तलवार हे मुख्य कौशल्य ठेवा. सुरुवातीलाच कौशल्य ५० असतं. बेरीज ६२, आणि दम पूर्ण असेल तर ७७. तोच खेकडा, तीच तलवार.

म्हणून दोनच गोष्टी पाळा. जे हत्यार मुख्य कौशल्यात निवडलं तेच वापरा. आणि पळत पळत लढाईत घुसू नका. हिरवी पट्टी म्हणजे दम, आणि पळाल्यानं ती रिकामी होते. लढाईआधी दोन क्षण थांबा, ती भरू द्या. दम कमी असला की नुसती तलवारच नाही, मंत्रही फसतात, कुलूपही उघडत नाही, दुकानदाराशी घासाघीससुद्धा जमत नाही. मंत्रांचं अजून एक ध्यानात ठेवा : जादूची निळी पट्टी आपोआप भरत नाही. झोपावं लागतं किंवा औषध प्यावं लागतं.

तरीही फारच जड जात असेल तर पर्यायांमधे अवघडपणा कमी-जास्त करायची पट्टी आहे. ती खाली ओढण्यात काही कमीपणा नाही.

पहिल्यांदा कुठला वंश, कुठला पेशा घेऊ?

दहा वंश, एकवीस तयार पेशे, तेरा राशी आहेत, आणि स्वतःचा पेशाही बनवता येतो. पहिल्या खेपेला रेडगार्ड, नॉर्ड किंवा ऑर्क घ्या आणि हत्याराचं एक, चिलखताचं एक, ढालीचं एक कौशल्य मुख्य यादीत ठेवा. जादूची आवड असेल तर ब्रेटन. जादू त्यांच्यावर निम्मीच चालते. अॅट्रोनॅक राशीत जादूचा साठा मोठा मिळतो पण झोपून तो भरत नाही, त्यामुळं ती नवख्यानं टाळावी.

सेडा नीनमधे उतरलोय. आता काय?

लगेच बाल्मोराला पळू नका. या चिमुकल्या गावातच गेम तुम्हाला स्वतःची रीत शिकवतो. कचेरीच्या अंगणातल्या पिंपात एक अंगठी असते, ती घ्या. बाहेर फार्गथ नावाचा माणूस भेटेल, ती त्याचीच. परत दिलीत तर तो आणि दुकानदार अरील दोघंही तुमच्याशी बरे वागतात. ठेवून घेतलीत तरी चालतं. मग अरीलच्या दुकानाच्या माडीवर ह्रिस्कर नावाचा पहारेकरी तुम्हाला याच फार्गथवर पाळत ठेवायला सांगतो. रात्री दीपगृहावर चढून बसायचं आणि तो पैसे कुठं लपवतो ते बघायचं.

गावाबाहेर करवसुली अधिकाऱ्याचं प्रेत पडलेलं आहे, अंगावर २०० मोहरा. कुणी दाखवत नाही, तुम्हाला दिसलं तर दिसलं. पैसे ठेवायचे का कचेरीत जाऊन सांगायचं हे तुमच्यावर. आणि रस्त्यानं जाताना वरून किंकाळी ऐकू आली तर वर बघा. इतकंच सांगतो.

रस्ताच सापडत नाही. नकाशावर खूण का येत नाही?

खूण नसतेच. माणूस दिशा सांगतो, ती डायरीत उतरते. उदाहरणार्थ, सुरुवातीचंच एक काम : आर्कंगथांड नावाच्या ड्वेमर (एका जुन्या जमातीच्या) अवशेषांतून एक पेटी आणायची. सांगितलेला रस्ता असा की गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पडा, ओडाई नदीवरचा पूल ओलांडा, मूनमॉथ किल्ल्यावरून पूर्वेला जा, दरीवरचा जुना ड्वेमर पूल लागेल, पलीकडं अवशेष. दार बंद दिसेल. तिथंच बाहेरच्या नळावर एक चाक आहे, ते फिरवलं की दार उघडतं. पेटी छोटीशी आहे, फळीवर ठेवलेली. बरेच जण तिच्यासमोरून दोनदा जातात.

चौरस्त्यावरच्या पाट्या वाचा. नदी, पूल, किल्ला, डोंगर हीच खूण धरा. राखेचं वादळ आलं तर थांबा, काही दिसत नाही. एखाद-दुसऱ्या ठिकाणी गेममधल्याच दिशा चुकलेल्या आहेत, तर तासभर शोधून सापडलं नाही की खुशाल कुणालाही विचारा. पण पहिल्या पाच मिनिटांत व्हिडिओ लावू नका. शोधण्यात जे काही भेटतं, एखादी गुहा, एखादा वाट चुकलेला यात्रेकरू, तोच खरा गेम आहे.

लांबच्या प्रवासाला सोय भरपूर आहे. सिल्ट स्ट्रायडर हा उंच पायांचा प्राणी बऱ्याच मोठ्या गावांमधे थांबतो. किनाऱ्यावर बोटी आहेत. जादूगार संघाच्या पाच कचेऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. 'मार्क' मंत्रानं जागा लक्षात ठेवता येते आणि 'रिकॉल'नं तिथं परत येता येतं. ही जाळी डोक्यात बसली की बेट मुठीत येतं.

लेव्हल कशी वाढते?

मुख्य आणि दुय्यम कौशल्यांत मिळून दहा वाढी झाल्या की झोपा, लेव्हल वाढते. मग तीन गुण वाढवायला मिळतात. ज्या गुणाशी जोडलेली कौशल्यं त्या काळात जास्त वाढली त्याला जास्त पट मिळते : एक ते चार वाढींना दुप्पट, पाच ते सातला तिप्पट, आठ-नऊला चौपट, दहाला पाचपट. काही जण वहीत रकाने मांडून हे मोजतात. मला ते पटत नाही, खेळाचं कारकुनी काम होतं. फक्त काटकपणा लवकर वाढवा, कारण दर लेव्हलला आयुष्य त्याच्या दहाव्या भागानं वाढतं आणि मागची वाढ नंतर भरून मिळत नाही.

पैसे असतील तर शिक्षकाकडून कौशल्य विकत शिकता येतं आणि त्याला लेव्हलमागं मर्यादा नाही.

माल विकायला जातो तर दुकानदाराकडं पैसेच नसतात.

कॅल्डेरा गावात घोराक यांच्या वाड्यात क्रीपर नावाचा एक बुटका प्राणी आहे. तो तुमच्यावर हल्ला करत नाही. त्याच्याकडं ५००० मोहरा असतात, रोज भरतात, आणि तो वस्तूची पूर्ण किंमत देतो. चोरीची वस्तू मात्र ज्याची चोरली त्यालाच विकायला जाऊ नका. तो ओळखतो.

रात्री झोपलो की काळ्या कपड्यातला माणूस येऊन मारतो. पहिल्याच लेव्हलला!

हे ट्रिब्युनल विस्तारामुळं होतं. विस्तार बसवलेला असला की मारेकरी सुरुवातीपासूनच यायला लागतात, आणि हे मला डिझायनरांचं चुकलेलं वाटतं. सोपा उपाय : ओपनएमडब्ल्यूच्या लाँचरमधे ट्रिब्युनलची खूण काढून टाका, लेव्हल १५-२० झाल्यावर परत लावा. तोच सेव्ह पुढं चालतो. मारेकरी मारता आला तर त्याचं चिलखत मात्र चांगल्या किमतीला जातं.

एका माणसाला मारलं तर 'भविष्यवाणीचा धागा तुटला' असं काहीतरी आलं. म्हणजे गेम संपला?

मुख्य गोष्टीला लागणारा माणूस मेला. जुना सेव्ह उघडा, किंवा तसंच पुढं खेळा, गेम अडवत नाही. गंमत म्हणजे या तुटलेल्या धाग्यानंतरही शेवटापर्यंत जायची एक अवघड आडवाट ठेवलेली आहे. नंतरच्या गेममधे महत्त्वाची माणसं मरतच नाहीत. इथं तुमच्या हातून झालेलं ते झालेलं असतं.

गोष्ट कळत नाही. एक जण एक सांगतो, दुसरा भलतंच. खरं कोण बोलतंय?

(इथं थोडी गोष्ट फुटते. नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.)

गोंधळ तुमचा नाही, तो मुद्दाम पेरलेला आहे, आणि माझ्या मते या गेमचा जीव इथंच आहे. फार पूर्वी रेड माउंटनवर एक मोठी लढाई झाली. त्यात नेरेव्हार हा सेनापती मेला आणि ड्वेमर ही अख्खी जमात नाहीशी झाली. इतकं सगळ्यांना मान्य. पण नेरेव्हार कसा मेला? मंदिराचे पुजारी सांगतात की लढाईतल्या जखमांनी. राखेच्या माळावर तंबूत राहणारे अॅशलँडर सांगतात की त्याच्याच जवळच्यांनी घात केला, आणि तेच आज देव होऊन बसलेत. व्हिवेक हा त्या तीन जिवंत देवांपैकी एक, त्याच्या नावाच्या शहरात राहतो. त्याला समोरासमोर विचारता येतं, तो त्याची बाजू सांगतो. ज्वालामुखीत बसलेला डॅगोथ उर, ज्याला सगळे शत्रू म्हणतात, त्याचीही बाजू आहे. आणि गेम शेवटपर्यंत निकाल देत नाही.

आपल्याकडं निजामाच्या राजवटीची आणि सप्टेंबर १९४८ ची गोष्ट एकाच गावातल्या चार घरांत चार तऱ्हेनं ऐकायला मिळते. कोण लढलं, कोण गप्प बसलं, कुणाचं काय गेलं, हे सांगणाऱ्यावर ठरतं. ज्यांनी आजी-आजोबांकडून ती ऐकलीय, त्यांना मॉरोविंडमधली माणसं पटकन कळतील. सांगणारा कोण, त्याचा कशात फायदा, तो काय गाळतोय, हे बघत वाचा.

वर्तमानातलं राजकारणही तसंच गुंतलेलं. साम्राज्यानं हा प्रांत लढून पूर्ण जिंकलेला नाही, तह करून घेतलाय. त्या तहात इथल्या सरदार घराण्यांचा कारभार आणि गुलामगिरी दोन्ही चालू राहिली. पाच मोठी घराणी आहेत, त्यांपैकी तिघांत तुम्हाला शिरता येतं : व्यापारी लालू, लढवय्ये रेडोरान आणि एकलकोंडे जादूगार टेल्व्हानी. एका खेळात एकच. टेल्व्हानींच्या मनोऱ्यांत जिना नसतो, वर जायला उडण्याचा मंत्र लागतो. ज्याला उडता येत नाही त्याला ते भेटूच इच्छित नाहीत.

गुलामांची गोष्ट ऐकून मन खट्टू झालं. त्यांना सोडवता येतं का?

येतं. गुहांमधे आणि मळ्यांवर बांधलेले खाजीट (मांजरासारखे) आणि आर्गोनियन (सरड्यासारखे) या वंशांचे लोक भेटतील, त्यांच्या हातातल्या कड्याची किल्ली मालकाकडं असते. 'ट्विन लॅम्प्स' नावाची गुपचूप काम करणारी संघटनाही आहे. आधी काही गुलाम सोडवा, तिच्यापर्यंतची वाट तेच दाखवतात. या कामाला मोठं बक्षीस नाही आणि डायरीही फार कौतुक करत नाही. तरी पहिल्या खेळात हे कराच.

माझा मुलगा आठवीत आहे. त्याला खेळू द्यावा का?

अमेरिकेत या गेमला 'टीन' म्हणजे तेरा वर्षांवरच्यांसाठी असं प्रमाणपत्र आहे. तलवारबाजी आहे, थोडं रक्त आहे, गुलामगिरी आणि नशेच्या पदार्थांचे उल्लेख आहेत. ऑनलाइन अनोळखी माणसांशी बोलणं नाही, आणि गेमच्या आत पैसे मागणारं काहीही नाही. एकदा घेतला की झालं. शेजारी बसून थोडा वेळ बघा, त्याला गोष्ट सांगायला लावा. तो आनंदानं सांगेल.

मी लातूरला नीटची तयारी करतोय. दिवसातून तासभर खेळलं तर चालेल ना?

या वर्षी नको. हा गेम तासभराचा नाही. तो तुकड्या-तुकड्यानं खेळला तर मागचं आठवत नाही आणि अर्धवट ठेवला तर अभ्यासातही डोक्यात फिरत राहतो. परीक्षा झाल्यावर निकालापर्यंत जे दिवस मिळतात ते यासाठी उत्तम. वीस वर्षांहून जास्त टिकलाय, अजून काही महिने टिकेल.

मोबाइलवर येतो का?

अँड्रॉइडवर ओपनएमडब्ल्यू चालवता येतं, फाइल्स तुमच्या प्रतीतून टाकाव्या लागतात. पण बारीक अक्षरं आणि बोटानं तलवार, दोन्ही त्रासाचं. ब्लूटूथ कंट्रोलर असेल तरच नादी लागा.

विस्तार कधी खेळू?

मुख्य गोष्ट बरीचशी झाल्यावर. ट्रिब्युनल (नोव्हेंबर २००२) तुम्हाला मॉर्नहोल्ड या राजधानीत नेतो, तिथं उडायला बंदी आहे. ब्लडमून (२००३) बर्फाळ सोल्स्थाइम बेटावर, लांडगामाणसांसह. खूल गावातून बोट मिळते.

मॉड कुठले टाकू?

पहिल्या खेळात शक्यतो एकच : चुका दुरुस्त करणारा 'पॅच फॉर प्युरिस्ट्स'. चित्रं चकचकीत करणारे शेकडो मॉड आहेत, पण त्यांच्या नादात लोक आठवडाभर मॉडच बसवत राहतात आणि खेळ राहून जातो.

बेट संपलं आणि अजून हवं असेल तर 'टॅमरिएल रीबिल्ट'. मूळ गेममधे मॉरोविंड प्रांताचं फक्त मधलं बेट आहे, आजूबाजूची मुख्य भूमी नाही. ती स्वयंसेवक वीस वर्षांहून जास्त काळ, भागाभागानं बांधतायत, तेही फुकट. जेवढी झाली तेवढीच मूळ बेटाला झाकून टाकेल इतकी मोठी आहे, आणि लिखाण कित्येक ठिकाणी मूळ गेमच्या तोडीचं. बेथेस्डानं मूळ गेमबरोबरच रचना करायचं साधन देऊन टाकलं होतं, त्यातून हे सगळं उभं राहिलं. त्यासाठी 'टॅमरिएल डेटा' नावाची वेगळी फाइलही लागते, ती आधी बसवा.

मित्रांबरोबर खेळता येतो का?

ओपनएमडब्ल्यूवर उभारलेला, अनेकांना एकत्र खेळू देणारा 'टीईएस३एमपी' आहे, त्यानं जमतं. पण पहिल्यांदा एकट्यानंच खेळा. चौघांच्या गडबडीत कुणी वाचत नाही.

आत्ता पैसे नाहीत. या मालिकेतलं काही फुकट मिळतं का?

मिळतं, आणि अधिकृतपणे. अरीना आणि डॅगरफॉल हे दोन्ही जुने गेम बेथेस्डानं मोफत केलेत, स्टीमवरही आहेत. अरीना आता फार कोरडा वाटतो. डॅगरफॉल मात्र 'डॅगरफॉल युनिटी' या मोफत नव्या इंजिनावर चालवला तर आजही छान जमतो. गुहा प्रचंड मोठ्या आणि गुंतागुंतीच्या आहेत, त्यामुळं सेटिंगमधे छोट्या गुहांचा पर्याय आधी चालू करून घ्या. मॉरोविंडसाठी सवलतीची वाट बघत असाल तर तोवर हाच लावा.